नातीबरोबर नदीकाठी



व्याख्यानमाला वसंतातली आणि मी बोलणार शरदाविषयी, हे थोडे उफराटेच आहे. चालकांची अपेक्षा हमालीचे दर, वाराई, माथाडी कायदा अशा विषयाची असावी. पण ते मी बाजाराच्या आवारात वर्षभर बोलत असतो आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी ते नाइलाजाने ऐकलेलेही आहे. आज मी फक्त एका सकाळची हकीकत सांगणार आहे. त्या सकाळी मी माझ्या पाच वर्षांच्या नातीला घेऊन गोदावरीच्या काठाने हिंडलो.

दिवाळीत आपल्याकडे कांद्याचे लिलाव काही दिवस बंद असतात, हे इथे कोणाला सांगायला नको. एरवी ज्या गावात ट्रॅक्टरांच्या रांगांतून वाट काढावी लागते, तिथे त्या दिवसांत कुत्री रस्त्याच्या मधोमध निजतात. मलाही काम नव्हते. नातीचा बाप, म्हणजे माझा मुलगा, नाशिकला एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी तो पहाटे कामावर गेला. पोर दारात रुसून बसली. मी म्हटले, “चल बाळ, आपण नदीवर जाऊ.”

विंचूर, निफाड करीत आम्ही नांदूर मध्यमेश्वरला पोचलो. तिथे कादवा गोदावरीला मिळते. एक त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवरून येते, दुसरी दिंडोरीकडून. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने या ठिकाणी दगडी बंधारा घातला आणि डाव्या-उजव्या बाजूंनी कालवे काढून खाली कोपरगावच्या बाजूला पाणी नेले. नदी मात्र नुसते पाणी आणीत नाही. तिने डोंगरातली आणि आपल्या शेतांतली माती आणून भिंतीमागे टाकली. गाळाची बेटे झाली, उथळ पाण्यात पाणकणीस आणि लव्हाळा माजला, मासळी वाढली आणि तिच्यामागे पाखरे आली. बंधारा बांधणाऱ्या इंजिनियरला विचाराल तर गाळ म्हणजे निव्वळ तोटा. जितका गाळ, तितके पाणी कमी. पाखरांचा संसार त्याच तोट्यावर उभा आहे. १९८६ साली सरकारने हे अभयारण्य केले. २०१९ साली रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव गेले. महाराष्ट्रातले ते पहिले. आपल्या तालुक्यातली जागा जगाच्या यादीत गेली, आणि आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे? हात वर करायला सांगत नाही, कारण गेल्या दिवाळीपर्यंत माझाही हात वर झाला नसता.

शरदातली सकाळ मोठी देखणी. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळलेले असते. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळते, असे जुनी माणसे म्हणत. खरे म्हणजे पाऊस ओसरला की लोंढा मंदावतो आणि माती तळाशी बसते. अगस्तीचे दिसणे आणि हे, दोन्ही एकाच सुमारास होते एवढेच. पण म्हणणे मला आवडते. पाण्यावर धुके होते आणि गवतावर इतके दव, की दहा पावलांत पोरीचा फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजला.

मी मोर्चात चालणारा माणूस. पाय उचलून चालायची सवय. पाच वर्षांच्या पोराबरोबर ती चालत नाही. पहिला फर्लांगभर रस्ता आम्हाला तासभर पुरला. तिला आधी एक शिंपला सापडला, मग दुसरा. मग पहिला कुठे पडला म्हणून परत मागे. मुंग्यांची रांग लागली, तिथे दोघेही उकिडवे बसलो. मी दोनदा घड्याळ पाहिले आणि मग स्वतःशीच हसून ते खिशात टाकले. गाठायची होती कुठली सभा?

पाखरांची नावे मी वाचनालयातल्या पुस्तकांवरून शिकलो आहे, तेव्हा चूकभूल द्यावीघ्यावी. जांभळी पाणकोंबडी होती, लांब बोटांनी पानांवरून चालणारा कमळपक्षी होता, चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेले हळदीकुंकू बदक होते. ते पाहून ती म्हणाली, “हिला कुणी लावलं?” चपट्या चोचीचे थापटे तर हजारो मैलांवरून, पार सैबेरियाकडून, येतात. पाण्याच्या मधोमध काळ्या पाखरांचा मोठा जमाव होता. प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. मी सांगितले, यांना वारकरी म्हणतात. तिने बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, “आबा, मग टाळ कुठंयत?” याचे उत्तर पुस्तकात नव्हते.

परत फिरलो तेव्हा ऊन चढले होते. रस्त्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोपी नुकत्याच पडल्या होत्या. थव्यांच्या आणि टोळ्यांच्या येण्याचा हंगाम एकच. मोठी माणसे फडात गेलेली. एका कोपीपुढे नातीएवढीच एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नातीने मुठीतले दोन शिंपले तिला दिले आणि तिने ते भावाच्या हातात दिले; त्याने तोंडात घातले, तेव्हा तिने ओढून काढले. पुढे आल्यावर नात म्हणाली, “तिला आबा नाहीत का?” उचल, मुकादम, कोयत्याचा दर, यांवर मी तासभर बोलू शकतो. त्या पोरीला मी एवढेच म्हणालो, “असतील. गावाकडे असतील.”

मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ सालापासून ती मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले, त्यात बायकाही भाषणाला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ही कथा मी शेकडो सभांतून सांगितली आहे. सांगायला जात होतो तो बहुतेक वेळा रविवारीच. माझा मुलगा सहा-सात वर्षांचा होता तेव्हा नदीवर न्या म्हणून हट्ट धरी. मी म्हणे, पुढच्या रविवारी. त्या पुढच्या रविवारी कुठे तरी मीटिंग निघे. दुसऱ्यांच्या सुट्टीसाठी भांडताना मी माझ्या पोराचे रविवार खर्च केले. त्या वेळी यात काही चुकते आहे असे वाटलेही नाही. उलट थोडा अभिमानच वाटे.

आता त्याला बारा तासांची पाळी असते. कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटात ती फिरती आहे, आणि माणूस कमी पडला की तीही जाते. संघटनेचे नाव काढले तर उद्यापासून येऊ नकोस म्हणतात. माझ्याच मुलाला मी अजून संघटनेत आणू शकलेलो नाही, हेही या व्यासपीठावरून सांगून टाकतो.

रात्री दहाला तो आला तेव्हा पोर झोपली होती. मी त्याला वारकऱ्यांची आणि टाळांची गोष्ट सांगितली. तो जेवता जेवता हसला आणि म्हणाला, “बाबा, मलाही न्यायचं कबूल केलं होतंत तुम्ही.” त्याच्या आवाजात राग नव्हता. मी म्हटले, तुझी सुट्टी कधी ते सांग. त्याने बोटांवर मोजले, आणि मग म्हणाला, नक्की सांगता येत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी दिवाळीनंतर जावे, उजाडताच पोचावे, भडक कपडे घालू नयेत आणि भाकरी बांधून न्यावी. पोरे बरोबर असतील तर एकच ठिकाण ठरवावे. दुसऱ्या ठिकाणापर्यंत तुम्ही पोचणार नाही.