मोटारीला वळण लावताना



'तू सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे नक्की काय करतेस?' असं सकाळपासून चौघांनी विचारलं. म्हणून तेच सांगते.

कारखान्यातल्या यंत्राची मोटार किती फिरेल आणि कुठे थांबेल, हे मोशन कंट्रोलर ठरवतो. त्याच्याशी मी सिरियल केबलमधून बोलते. त्यासाठी दोन्ही टोकांची बोली एकच हवी. ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं ठरवलं, की स्टार्ट बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. एका टोकाला चुकून १९२०० राहिलं, तर पडद्यावर नुसता कचरा उमटतो. केबल आणि कंट्रोलर दोन्ही धडधाकट असतात, फक्त संवाद जुळलेला नसतो.

मग ट्यूनिंग. मोटार जिथे हवी आणि जिथे आहे, त्यातला फरक तीन आकडे सांभाळतात. पी फरकाच्या प्रमाणात जोर लावतो. आय उरलेला बारीक फरक साठवत जाऊन भरून काढतो. डी फरक किती वेगाने बदलतोय ते पाहून वेळीच आवर घालतो. पी फार वाढवला तर मोटार थरथरते, गुणगुणते. फार कमी ठेवला तर रेंगाळते. झिगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेल्या एका पद्धतीत मोटार एकसारखी डोलेपर्यंत पी वाढवतात आणि त्या आकड्याच्या ०.६ पट पी ठेवतात. खऱ्या यंत्राला असं डोलवणं धोक्याचं असतं, म्हणून मी खालून हळूहळू चढते. त्याआधी जोराची मर्यादा घालते आणि फरक ठरावीक आकड्यापुढे गेला की मोटार बंद होईल, अशी सोय करते. लाल इमर्जन्सी बटण मात्र सिरियल केबलच्या भरवशावर कधीच ठेवायचं नाही. त्याची वायर स्वतंत्र हवी, कारण त्या यंत्राशेजारी कुणाचा तरी हात असतो.

रिकाम्या टेबलावर जुळवलेले आकडे जड जॉब चढवल्यावर बिघडतात. ते आधी ऑपरेटरच्या कानाला कळतं. 'मॅडम, आवाज वेगळा येतोय,' असं तो म्हणाला, की मी लॅपटॉपवरचा आलेख पुन्हा पाहते.

आपल्यापैकी काहीजण वर्कशॉप चालवतात. त्यांना एक विनंती. हे आकडे एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका. तो नोकरी सोडून गेला, की एका जुन्या कंट्रोलरपायी अख्खी लाइन थांबते आणि रोजंदारीवरची माणसं घरी बसतात. बदललेले आकडे कायमच्या मेमरीत साठवले आहेत ना, हे वीज बंद-चालू करून तपासा. बॉड रेट, पी-आय-डी आणि तारीख कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. दहा मिनिटांचं काम आहे.

वहीत उत्तराबरोबर रीतही लिहायची, ही सवय आपल्याला याच शाळेने लावली. ती तिथेही चालू ठेवू या.