मुलांसाठी जाहिराती आणि कायद्याचा हात



वाण्याच्या दुकानात सहा वर्षांचे पोर एखाद्या पुड्यासाठी हातपाय आपटू लागले, की आपण त्याच्या आईला दोष देऊन मोकळे होतो. "फार लाडावून ठेवले आहे!" त्या पुड्यात खेळणे घालणारा आणि पडद्यावर दिवसभर माकड नाचविणारा गृहस्थ मात्र तेथे हजर नसतो. आज मला बोलावयाचे आहे ते या गैरहजर गृहस्थाविषयी.

विकणारा आपल्या मालाची स्तुती करणारच, हे मोठ्या माणसाला ठाऊक असते. म्हणून थोडी अतिशयोक्ती आपण चालवून घेतो. बालकाला नेमके हेच ठाऊक नसते. आठ वर्षांच्या आतील मुलाला जाहिरातीमागचा हेतू उमगत नाही, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात म्हटले आहे. ज्याला डाव कळत नाही त्याच्याशी डाव मांडणे याला व्यापार म्हणावयाचे काय?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ साली लहान मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर निर्बंध सुचविले, तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राने 'राष्ट्राची दाई' म्हणून त्याची टर उडविली. १९८० साली तेथील काँग्रेसने कमिशनचे पंखच छाटले, आणि पुढल्या वर्षी प्रकरण मिटविण्यात आले. पैशाचा आवाज मोठा असतो, असो.

शेजारच्या कॅनडातील क्वेबेक प्रांताने मात्र १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांस उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास बंदी घातली. जाहिरात मुलांसाठी आहे की नाही, हे ठरविताना तीन गोष्टी पाहावयाच्या: माल कोणता व कशासाठी, तो मांडला कसा, आणि दाखविला केव्हा व कोठे. एक खेळण्यांची कंपनी न्यायालयात गेली. भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा पडते हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तरीही दुबळ्या श्रोत्याच्या रक्षणासाठी ती मर्यादा रास्त आहे, असा निकाल १९८९ साली तिघांविरुद्ध दोघे अशा बहुमताने लागला. तीनास दोन! म्हणजे प्रश्न सोपा नव्हता, आणि भाषणस्वातंत्र्याची काळजी वाहणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. शिवाय बंदीला भोकेही होती. सीमेपलीकडच्या अमेरिकन वाहिन्या पाहणाऱ्या इंग्रजी भाषिक मुलांच्या घरी गोड न्याहारीची खोकी अधिक आढळली.

आपल्याकडे ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याखाली २०२२ साली मार्गदर्शक नियम झाले. 'आईबाबांना सांगून हे घ्याच' अशी थेट चिथावणी मुलांना देता येत नाही; चिप्स व सोडायुक्त पेयांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात वा वाहिनीवर करता येत नाही; पुराव्यावाचून बुद्धी वाढविण्याचा दावा करता येत नाही. दंड दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. कागदावर हे उत्तम आहे. पण आता जाहिरात कार्यक्रमांच्या मधे येत नाही, तर कार्यक्रमच जाहिरात झाला आहे. मोबाइलवर कुणी मूल खेळण्याचे खोके उघडते, आपले मूल तासभर ते पाहते, आणि त्यामागे पैसे कोणी मोजले हे आपल्यालाही कळत नाही. मुलांची 'वाहिनी' कोणती, हे तेथे ठरवावयाचे कसे?

अशी जाहिरात दिसली, तर दिल्लीच्या प्राधिकरणापर्यंत जाण्याची गरज नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते, अशी तरतूद त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात आहे.