जात्यापाशीं बोललेलें दुःख



दुखावलेल्या मनास औषध कोठें मिळतें, असें कोणी विचारल्यास आपण वैद्याकडे वा ग्रंथाकडे बोट दाखवितों. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांच्या स्त्रियांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या जात्यापाशीं शोधिलें. पहांटेच्या अंधारांत दळतां दळतां त्यांनीं ओव्या रचिल्या. सासुरवास, माहेरची ओढ, मुलगी म्हणून झालेली उपेक्षा, असें जें चारचौघांत उच्चारतां येत नसे, तें ओवींत निर्भयपणें येई. खुंट्याला दुसरीचा हात लागला म्हणजे श्रमाबरोबर दुःखही वांटलें जाई.

हें शहाणपण बहुतांशीं निरक्षर स्त्रियांचें. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह हजारावर गांवांतून अशा १,००,००० हून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या सर्वांस खुल्या करण्यास आरंभ केला.

मात्र जात्याचे गोडवे आम्ही गाणार नाहीं. तें फार कष्टाचें होतें. गिरणीनें तो भार उतरविला, हें बरेंच झालें. ओवीनें अन्यायही नाहींसा झाला नाहीं. परंतु जिनें ती ऐकिली, तिला आपण एकटी नाहीं हें कळलें.

आतां जातें थांबलें आहे, दुःख थांबलेलें नाहीं. म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें आमची विनंति इतकीच: घरांतील वृद्ध स्त्रियांच्या ओव्या त्यांच्याच मुखांतून उतरून घ्या. लेकीसुनांच्या हातीं वही द्या; आणि त्या जें वाचून दाखवितील, तें मध्येंच न तोडतां ऐका.