विवाह, परदेशवास आणि स्त्रीचा स्वतंत्र हक्क



आपली मुलेमुली शिक्षणाकरिता व नोकरीकरिता अमेरिकेस जाऊ लागली आहेत. त्यांपैकी काहींचे विवाह तेथील नागरिकांशी होतात. असा विवाह ठरला की आईबाप म्हणतात, "नागरिकाशी लग्न झाले, आता काळजी मिटली." हे म्हणणे कायद्याच्या कसोटीस उतरत नाही. ते का उतरत नाही व आपण काय केले पाहिजे, हे आज मी आपणास सांगणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहा. १८५५ च्या अमेरिकन कायद्याने नागरिकाशी विवाह करणारी परदेशी स्त्री आपोआप नागरिक होत असे. मात्र ती नागरिकत्वास पात्र अशा वंशाची असली पाहिजे, अशी अट होती. १९०७ च्या कायद्याने परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावून बसे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हाच कायदा तेथे चालू होता. १९२२ मध्ये त्यात सुधारणा झाली. तरी नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी लग्न करणाऱ्या स्त्रीची शिक्षा १९३१ पर्यंत टिकली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय लोक श्वेतवर्णीय नाहीत म्हणून ते नागरिकत्वास अपात्र आहेत असा निर्णय दिला. अर्थात भारतीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रियांवर ही आपत्ती कोसळली. भारतीयांना नागरिकत्वाचे दार १९४६ मध्ये उघडले. स्त्रीचा दर्जा नवऱ्याच्या दर्जाला बांधणारा कायदा किती अन्यायी असतो, हे यावरून आपण ओळखावे.

आजचा कायदा निराळा आहे. आज विवाहाने नागरिकत्व मिळत नाही. विवाहाने फक्त अर्ज करण्याचा मार्ग मोकळा होतो. नागरिक असलेल्या पतीने किंवा पत्नीने आय-१३० हा अर्ज भरून आपले नाते खरे आहे हे सिद्ध करावयाचे असते. नागरिकाच्या जोडीदारास वार्षिक संख्येची मर्यादा नाही, ही त्याची मोठी सवलत होय. परंतु जोडीदार केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर संख्येची मर्यादा लागते व रांगेत थांबावे लागते. म्हणून लग्न ठरविताना "मुलगा अमेरिकेत असतो" एवढ्यावर समाधान मानू नका. तो नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे, की नोकरीच्या व्हिसावर आहे, हे कागद पाहून ठरवा.

आय-१३० दाखल झाला म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला, असेही समजू नये. तो अर्ज केवळ नात्याची नोंद करतो. भारतात असलेल्या जोडीदाराची मुलाखत वकिलातीत होते. जो रीतसर तपासणी होऊन अमेरिकेत शिरला आहे, तो तेथेच आय-४८५ हा अर्ज करू शकतो. जो चोरवाटेने शिरला, त्यास बहुधा देश सोडावा लागतो. १९९६ च्या कायद्यान्वये १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून बाहेर पडलेल्यास ३ वर्षे, आणि १ वर्ष वा अधिक राहिलेल्यास १० वर्षे परत येण्यास बंदी होते. तेव्हा जाणकार वकिलास विचारल्यावाचून देश सोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कायम वास्तव्य मिळाले त्या दिवशी विवाहास २ वर्षे पुरी झाली नसतील, तर मिळणारे कार्ड सशर्त असते व २ वर्षेच चालते. ही तरतूद १९८६ ची आहे. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावा लागतो. "मिळून" या एका शब्दातच स्त्रीची परवशता दडलेली आहे. नवरा वाईट निघाला, तर तो म्हणतो, "मी सही करणार नाही, तुला परत पाठवीन." आणि परक्या देशात, भाषा नवी, हाती पैसा नाही, अशा स्थितीत ती मुलगी मार खाऊन गप्प बसते.

भगिनींनो, ही धमकी पोकळ आहे. लग्न खऱ्या हेतूने झाले होते व ते घटस्फोटाने संपले, किंवा नवऱ्याने छळ केला, तर स्त्री एकटीच तो अर्ज करू शकते. त्यासाठी ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही. कार्डच मिळालेले नसेल, तर १९९४ च्या कायद्याने छळ झालेल्या जोडीदारास नागरिकाच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क पुरुषासही आहे. त्या अर्जाची माहिती नवऱ्यास कळविण्यास सरकारी खात्याला मनाई आहे. नागरिक पती मरण पावला, तर विधवेस २ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. शिवाय नवऱ्याने आय-८६४ या फॉर्मवर पोषणाची हमी दिलेली असते. ती घटस्फोटाने संपत नाही. स्त्री ती न्यायालयात बजावून घेऊ शकते.

मात्र हे सारे रक्षण खऱ्या विवाहासच आहे. कार्डासाठी खोटे लग्न लावणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद व २,५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. असे लग्न एकदा सिद्ध झाले, की पुढे खरे लग्न केले तरी अर्ज मंजूर होत नाही. पैसे घेऊन असे लग्न जुळविणाऱ्या दलालास दारात उभे करू नका.

आता घरचे काम. विवाहविधीची छायाचित्रे म्हणजे विवाहाचा दाखला नव्हे. बौद्धांना हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २ प्रमाणे तो कायदा लागू आहे व त्याखाली नोंदणी होते. ज्यांना तो नको, त्यांना विशेष विवाह कायदा १९५४ मोकळा आहे. पण तेथे आधी नोटीस देऊन ३० दिवस थांबावे लागते. पंधरा दिवसांच्या रजेवर येणाऱ्या वराने हे ध्यानी ठेवावे. मुलीचा पासपोर्ट, जन्मदाखला, विवाहदाखला, प्रत्येक अर्जाची व पावतीची प्रत तिच्याच हाती असावी. दुसरा संच माहेरी ठेवावा. एकत्र राहिल्याचे पुरावे, म्हणजे घरभाड्याचा करार, बँकेचे खाते, पत्रे, पहिल्या दिवसापासून जमवावेत.

पुढे नागरिकत्व हवे असेल, तर नागरिक जोडीदारासह राहणाऱ्यास ३ वर्षांनी, एरवी ५ वर्षांनी अर्ज करता येतो. परंतु ते स्वीकारताच आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. म्हणून हा निर्णय मुलीने स्वतः, समजून उमजून घ्यावा.

मुलीला सासरी पाठविताना आपण भांडीकुंडी देतो, कपडेलत्ते देतो. परदेशी पाठविताना तिला तिच्या हक्कांची माहिती द्या, आणि तिचे कागद तिच्या नावाच्या पिशवीत, तिच्या हाती द्या. संकटाच्या रात्री तेच तिच्या कामी येतील.