तक्रार देवाकडेच

मागच्या वर्षी बाबा आयसीयूत होते. प्रार्थनेला बसलो की नुसता राग यायचा. एका रात्री बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली. स्तोत्र १३ मध्ये कवी देवाला एकच प्रश्न चारदा विचारतो: अजून किती वाट पाहू? पण सहाव्या वचनापर्यंत तो गायलाही लागतो. मला तेवढं जमेना. मग ८८ वाचलं. ते थेट अंधारातच संपतं. तरी १५० स्तोत्रांत त्यालाही जागा आहे! आम्ही सॉफ्टवेअरवाले, कोणी वाचणारच नसेल तिथे तिकीट टाकतो का? तो कवीही शेवटपर्यंत देवालाच जाब विचारतो. त्या रात्री मीही विचारला. खूप दिवसांनी झालेली ती माझी पहिली खरी प्रार्थना.