चाई पडली तरी केसाचं मूळ जिवंत असतं

आज आपण चाईबद्दल बोलणार आहोत.

लेकीची वेणी घालताना आईच्या बोटाला एकदम रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा लागतो. खाज नाही, कोंडा नाही, दुखणं तर नाहीच. केस मात्र साफ गेलेले. आपण म्हणतो, चाई पडली. डॉक्टर याला अ‍ॅलोपेशिया एरियाटा म्हणतात. १०० माणसांत साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बाई असो, पुरुष असो, शाळकरी पोर असो. पुरुषांच्या दाढीतही चाई पडते.

मग लगेच बोलणं सुरू होतं. कुणी म्हणतं किडा लागला, कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं हिचा कंगवा वेगळा ठेवा. यातलं काहीच खरं नाही.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची राखण करणारी माणसं. बाहेरून जंतू आला की त्याला हाकलायचं, हे त्यांचं काम. चाईमध्ये त्यांची ओळखीत गफलत होते. केसाच्या मुळालाच परकं समजून त्या त्याच्यावर चालून जातात. मूळ काम थांबवतं आणि केस गळतो. पण मूळ मरत नाही, ते नुसतं निजतं. म्हणून केस परत येऊ शकतात. ही गफलत का होते? काही घराण्यांत तो कल असतो. काहींना सोबत थायरॉईडचा आजार किंवा कोड असतं. एखादीला मोठ्या ताणानंतर चाई पडल्याचं दिसतं, पण प्रत्येकीच्या बाबतीत तसं नसतं. तेव्हा ‘तू फार विचार करतेस म्हणून झालं’ असं सुनेला किंवा लेकीला ऐकवू नये. आणि चाई एकीची दुसरीला लागत नाही. कंगवा, उशी, टॉवेल वेगळा करायची गरज नाही.

एक फरक मात्र ओळखायला हवा. चट्ट्यावर खवले असतील, खाज असेल, केस तुटके दिसत असतील, तर तो गजकर्णासारखा बुरशीचा आजार असू शकतो, विशेषतः लहान मुलांत. तो लागट असतो आणि त्याची औषधं वेगळी असतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवायचं.

आता घरगुती उपायांबद्दल. चाईवर बिब्बा लावतात, लसूण घासतात, ब्लेडनं खरवडतात. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात. खोलवर भाजलं आणि व्रण पडला, तर निजलेलं मूळ खरोखरच मरतं. मग तिथं केस येत नाहीत. तुम्ही म्हणाल, अमकीला बिब्ब्यानंच गुण आला. मैत्रिणींनो, एकदोनच चट्टे असतील तर कित्येकांचे केस वर्षभरात काही न करताही परत येतात. त्या दरम्यान जे लावलं असेल, त्याला श्रेय मिळतं.

डॉक्टर काय करतात? चट्टे थोडे असतील तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं चट्ट्यातच स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. टोचताना दुखतं, कधी तिथं छोटा खळगा पडतो, तो बहुधा हळूहळू भरतो. लहान मुलांना सहसा लावायचं औषध देतात. सोबत मिनॉक्सिडिलही देतात. सगळं डोकं किंवा भुवयाही गेल्या असतील, तर बॅरिसिटिनिबसारख्या नव्या गोळ्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली मोठ्या माणसांच्या तीव्र चाईसाठी तिला मान्यता मिळाली. ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची आणि रक्ताची तपासणी करावी लागते, आणि बंद केल्यावर केस पुन्हा गळू शकतात. कुठलंही स्टेरॉइड मेडिकलमधून मनानं आणून लावू नका आणि चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करू नका.

उपचाराला महिने लागतात. नवे केस आधी पांढरे, मऊ येतात. घाबरू नका, बहुतेकदा पुढं काळे होतात. चाई परतही पडू शकते. कायमची घालवतो अशी हमी जो देईल, त्याच्याकडे पैसे घालू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथं जा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

आणि तोवर? केस येईतो मुलगी घरात बसवून ठेवायची नसते. रुमाल बांधा, गंगावन लावा, किंवा काहीच नको असेल तर तसंच राहू द्या. पण ते तिला ठरवू द्या. शाळेत बाईंना भेटून सांगा की हे लागट नाही, पोरांनी चिडवलं तर लक्ष ठेवा. सोयरिकीच्या वेळी कुणी कुजबुजलं, तर चारचौघांत सांगा की चाईनं अंगातली ताकद कमी होत नाही, बाळंतपणाला अडचण येत नाही, कामाला हात थांबत नाहीत. केस गेल्याचं दुःख खरंच मोठं असतं, ते ‘केसच तर आहेत’ म्हणून उडवून लावू नका. ती रडली तर जवळ बसा.

तुमच्या गल्लीत कुणी अशी लेक किंवा सून असेल, तर आजचं हे बोलणं तिच्या घरी पोचवा. बिब्बा लावायच्या आधी पोचवा.