विद्यापीठावर अफवेचे सावट : बैलकुप्पे-म्हैसूरचा अनुभव



विद्यापीठावर संकट ओढवले की कुलगुरूंच्या कार्यालयातून प्रथम एकच वाक्य बाहेर पडते : परिस्थिती नियंत्रणात आहे. हे वाक्य पुष्कळदा खरेही असते. तरीसुद्धा वसतिगृहातील विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवीत नाही आणि हातातील फोनवर आलेल्या निनावी संदेशावर मात्र ठेवतो. असे का घडते, याचा विचार करताना म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे या गावापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

पिरियापट्टण तालुक्यात, कोडगूच्या सीमेला लागून असलेल्या या गावी १९६० च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. पहिल्या पिढीने जंगल तोडून तेथे मक्याची शेती केली. पुढे मठ आले, धर्मविद्यापीठे आली. आजच्या पिढीतील मुले-मुली पदवीसाठी सुमारे ८० किलोमीटरवरील म्हैसूरला किंवा त्याहून पुढे बंगळूरला जातात. १४ ऑगस्ट २०१२ रोजी म्हैसूरमध्ये अशाच एका तिबेटी विद्यार्थ्यावर चाकूहल्ला झाला. चेहऱ्यावरून ईशान्येकडील समजून त्याला मारले, असा अर्थ लोकांनी तत्काळ लावला.

तो अर्थ इतक्या त्वरेने लावला गेला, कारण भूमी आधीच तयार होती. जुलै २०१२ मध्ये आसामातील कोक्राझार व आसपासच्या जिल्ह्यांत बोडो व मुस्लिम यांच्यात भीषण हिंसाचार झाला होता. लाखो माणसे छावण्यांत होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात ईशान्येकडील काही तरुणांना मारहाण झाली. ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावर आसाम व ब्रह्मदेशातील घटनांच्या निषेधार्थ भरलेल्या सभेला हिंसक वळण लागून दोघांचा बळी गेला. आणि मग संदेश फिरू लागले : रमजान ईद होण्यापूर्वी दक्षिण सोडा, नंतर सुटका नाही.

१५ ऑगस्टपासून बंगळूरच्या रेल्वे स्थानकावर जे लोटले, ते केवळ विद्यार्थी नव्हते. कार्यालयांच्या दारातील सुरक्षारक्षक, उपाहारगृहांतील कामगार, केशकर्तनालयांतील मुली आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी एकाच डब्यात दाटीवाटीने बसून गुवाहाटीकडे निघाले. काही दिवसांत सुमारे ३० हजार माणसांनी शहर सोडले, असा अंदाज वृत्तपत्रांनी दिला. विद्यार्थ्याचे सत्र बुडाले, रक्षकाची मजुरी बुडाली. रेल्वेने तातडीने खास गाड्या सोडल्या. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. सरकारच गाड्या सोडते आहे, तेव्हा धोका खराच असला पाहिजे, असे माणसे म्हणू लागली.

दुसरी एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच सुमारास एक छायाचित्र सर्वदूर फिरत होते : लाल वस्त्रांतील भिक्षू आणि त्यांच्यापुढे प्रेतांच्या रांगा. ब्रह्मदेशात भिक्षूंनी केलेली मुसलमानांची कत्तल, अशी त्याखाली ओळ असे. वस्तुतः ते चित्र एप्रिल २०१० मध्ये चीनच्या छिंगहाय प्रांतातील युशू येथे झालेल्या भूकंपाचे होते. ते भिक्षू तिबेटी होते आणि ढिगाऱ्यांतून काढलेल्या मृतांच्या अंत्यसंस्काराच्या कार्याला लागलेले होते. मृतांची सेवा करणाऱ्यांना खुनी ठरविणारे चित्र हातोहात फिरते आणि त्याच ऑगस्टात म्हैसूरच्या रस्त्यावर एका तिबेटी विद्यार्थ्यावर चाकू चालतो. या दोन गोष्टींचा थेट संबंध सिद्ध करता येणार नाही, पण हवा एकच होती.

राज्ययंत्रणेने काय केले? १७ ऑगस्टला संसदेत चर्चा झाली, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शांततेचे आवाहन केले. त्याच दिवशी केंद्राने १५ दिवसांसाठी घाऊक संदेशांवर बंदी घातली. एका माणसाने एका दिवसात पाचापेक्षा अधिक संदेश पाठवू नयेत, असे ठरले. ही मर्यादा पुढे २० पर्यंत वाढविण्यात आली. शेकडो संकेतपाने बंद करण्यात आली. अफवा पसरविणाऱ्याला आळा बसावा हे योग्यच. पण 'मी सुखरूप आहे' असे घरी कळविणाऱ्या मुलीलाही तीच पाचाची मर्यादा लागू झाली. खोट्याची वाट अडविताना खऱ्याचीही अडली. याउलट मुस्लिम संघटनांचे कार्यकर्ते भयभीत लोकांना जाऊन भेटले आणि जाऊ नका असे समक्ष सांगू लागले, हा मार्ग अधिक परिणामकारक होता. कर्नाटकचे तत्कालीन पोलीस महासंचालक लालरोखुमा पचाऊ हे स्वतः मिझोरामचे. त्यांच्या शब्दाला वजन होते ते केवळ पदामुळे नव्हे.

या सर्व आवाहनांत ज्या संस्थांनी या मुलांना प्रवेश दिला, शुल्क घेतले, त्यांचा आवाज मात्र क्षीणच राहिला. येथेच प्रश्नाचे मूळ आहे. म्हैसूरचा हल्ला खरा होता, पुण्याची मारहाण खरी होती. 'काहीही घडलेले नाही' असे सांगणारी संस्था अफवेचेच काम करते. एक हल्ला झाला आहे, तो कोठे व केव्हा झाला, तपास कोठवर आला आणि बाकीच्या कोणत्या वार्ता खोट्या आहेत, हे तासातासाला, नवे काही नसले तरी तेवढे सांगून, विद्यार्थ्याच्या भाषेत कळविले पाहिजे. तिबेटी, आसामी, मणिपुरी मुलाच्या आईला इंग्रजी परिपत्रकाचा काय उपयोग?

फेब्रुवारी २०१६ मधील जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे प्रकरण याच्याही पुढचे आहे. तेथे विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांविरुद्ध फिरणारी चित्रफीत तपासण्यापूर्वीच आठ जणांना शैक्षणिक कामकाजातून दूर केले. विद्यार्थी संघाचे अध्यक्ष कन्हैया कुमार यांना १२ फेब्रुवारीला अटक झाली. पुढे दिल्ली सरकारने करविलेल्या न्यायवैद्यक तपासणीत पाठविलेल्या चित्रफितींपैकी काहींत फेरफार केल्याचे निष्पन्न झाले. तोवर देशद्रोहाचा शिक्का लाखो पडद्यांवर उमटून गेला होता. प्रशासन विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलले असते तर त्याला निदान वेळ तरी मिळाला असता.

प्रशासनाजवळ विश्वास नसेल तर तो कोठून आणावयाचा? निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींकडून. महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रत्यक्ष निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद केली, तथापि पुढील कितीतरी वर्षे त्या झाल्याच नाहीत. गुंडगिरी होते, असे कारण देण्यात आले. परिणाम असा की संकटाच्या रात्री वसतिगृहातील खोल्यांचे दार वाजवून 'थांबा, स्थानकावर जाऊ नका' असे सांगू शकणारा, मुलांनी स्वतः निवडलेला एकही माणूस विद्यापीठात उरत नाही. जनसंपर्क अधिकारी नेमून ही उणीव भरून निघत नाही. त्याची निष्ठा संस्थेच्या नावलौकिकाशी असते, विद्यार्थ्याच्या जीविताशी असेलच असे नाही.

महाविद्यालये असलेल्या गावांतील पक्षशाखांनी म्हणून जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हाच परप्रांतीय विद्यार्थी कोठे राहतात, त्यांच्या मंडळांचे प्रमुख कोण, जवळच्या कारखान्यांत व हॉटेलांत त्यांच्याच प्रांताचे कामगार किती आहेत, याची माहिती विद्यार्थी व कामगार आघाड्यांनी मिळून गोळा करावी आणि वस्तीतील हिंदू-मुस्लिम कार्यकर्त्यांची त्यांच्याशी ओळख करून द्यावी. पुण्यापासून हे काम सुरू करता येईल. त्या ऑगस्टात गाड्या तेथूनही भरून गेल्या होत्या.